नणंदेसोबत हनोईत

सहलीतली बाकीची मंडळी विमानतळाच्या बसमध्ये चढली, गाइडनं आपली पिवळी झेंडी गुंडाळून खिशात घातली, आणि हॉटेलच्या दारात मी आणि माझी नणंद अशा दोघीच उरलो. बस वळून दिसेनाशी झाली तरी ताई हात हलवतच होत्या. मग हात खाली घेऊन त्यांनी मला विचारलं, "आता आपल्याले कोन नेईन वं?"

"कोनीच नाई. आपनच जायचं."

"कुठी?"

"मन म्हनीन तथी."

त्या मागे वळल्या. आत गेल्या आणि पर्स मांडीवर घेऊन सोफ्यावर बसून राहिल्या. सहलीत रोज सकाळी गाइडची वाट पाहत बसायच्या, तशाच.

खरं तर हे शेवटचे दिवस माझ्या मुलीसाठी राखलेले होते. ती पुण्यात नोकरी करते. व्हिएतनामची सहल तिनंच ठरवली, आणि सहल संपल्यावर आम्हा मायलेकींना हनोईत निवांत राहता यावं म्हणून परतीची तिकिटं पुढची काढायची असंही ठरवलं. निघायला महिना-दीड महिना राहिला असेल, तेव्हा तिच्या ऑफिसनं रजा नाही म्हणून सांगितलं. आमच्या ह्यांच्या गुडघ्यांना चालणं सोसत नाही आणि विमानाचं नाव काढलं तरी त्यांचा रक्तदाब चढतो. मग मुलगीच म्हणाली, "आत्याले घेऊन जा नं." आत्यापाशी पासपोर्ट होता. त्यांच्या धाकट्याचं मागे दुबईला जायचं घाटत होतं, तेव्हा हौसेनं सगळ्या घरानं पासपोर्ट काढले होते. त्याचं काही जमलं नाही. पासपोर्ट कपाटात कोरा पडून होता.

ताई केनवडला दिल्या. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या. त्यांचे मालक वारल्यावर वावर त्यांनीच सांभाळलं. सोयाबीन पेरण्यापासून रिसोडच्या मार्केटात नेऊन घालण्यापर्यंत सगळं उभं राहून केलं. आता पोरं आणि सुना पाहतात. मी कारंजात शाळेत शिकवायची, आता निवृत्त आहे. दिवाळीला, राखीला त्या माहेरी यायच्या तेव्हा आमची गाठ पडायची. पण त्या गाठीत भाऊ असायचा, लेकरं असायची, पुरणाचा घाट असायचा. नुसत्या दोघीच एका खोलीत इतके दिवस आम्ही कधी राहिलो नव्हतो. तसं पाहिलं तर मला त्यांचा थोडा धाकच होता. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या पोळीची कड त्यांनी बोटांनी चाचपून पाहिली होती, ते मी विसरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा त्यांची आंघोळ, वेणी, लुगडं नेसणं सगळं झालेलं. पलंगाच्या काठावर बसलेल्या, पायात चपला.

"ताई, इतक्या सकाळी कायले उठल्या?"

"जायचं नाई का?"

"आज काईच नाई. पाह्यजे तवा उठायचं, पाह्यजे तवा जायचं."

त्यांनी चपला काढल्या. जरा वेळानं पुन्हा घातल्या. म्हणाल्या, "मले असं बसता येत नाई वं. आंग दुखते."

म्हणून आम्ही निघालो. आमचं हॉटेल जुन्या बाजाराच्या पोटात होतं. गल्ल्या अरुंद, प्रत्येक गल्लीचा माल ठरलेला. एकीत सगळं टिनाचं काम, ठाकठोक चाललेली. दुसरीत दोर आणि सुतळ्या. तिसरीत कागदाची फुलं आणि आकाशकंदील. कारंजाच्या बाजारात वाढलेल्या ताईंना ही व्यवस्था लगेच पटली. "हे बेस हाय," त्या म्हणाल्या, "ज्याले जे पाह्यजे थो तिकडंच जाते." पण फुटपाथ म्हणून जे होतं त्यावर स्कूटर उभ्या, चुली मांडलेल्या, भाजीच्या पाट्या. त्यामुळे चालायचं रस्त्यावरूनच, आणि रस्त्यावरून स्कूटर अशा वाहत होत्या की मध्ये फट म्हणून दिसत नव्हती. पलीकडे जायचं होतं. मी एक पाऊल टाकायची आणि दोन मागे घ्यायची. सहलीत गाइड झेंडी उंच करून आम्हाला ओलांडून न्यायचा, इथं झेंडी नव्हती.

ताईंनी थोडा वेळ पाहिलं आणि माझं मनगट धरलं. "संध्याकाळी गावात ढोरं येतात का नाई, तसं समज. थांबू नको. पयू नको. चालत राह्य." आणि निघाल्या. मी डोळे अर्धे मिटून घेतले. स्कूटर आमच्या पुढून गेल्या, मागून गेल्या, एकीवर आख्खं संत्र्याचं झाड कुंडीसकट बांधलेलं होतं, ते माझ्या खांद्याला घासून गेलं. पलीकडे पोचल्यावर मला हसू आवरेना, आणि ताईंना माझ्या हसण्याचं. मग गंमत म्हणून आम्ही तोच रस्ता परत ओलांडला.

जेवणाची मला काळजी होती, कारण ताईंच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. मुलीनं फोनवर एक शब्द शिकवून ठेवला होता. तिकडे शाकाहारी जेवणाला 'चाय' म्हणतात. म्हणजे दुकानात शिरायचं, 'चाय, चाय' म्हणायचं, की भात, टोफू, उकडलेली भाजी समोर येते. ताईंना हे काही केल्या पचेना.

"मंग खरी चाय पाह्यजे असली त काय म्हनाव?"

"'चा' म्हनायचं."

"हे त आपल्यासारखंच झालं. यवढ्या दूर कायले आलो?"

पण शब्द त्यांनी पक्का केला. दुपारपर्यंत त्या स्वतः दुकानाच्या दारात उभ्या राहून, पंजा आडवा हलवून, मासा नको, कोंबडी नको, 'चाय!' असं ठणकावून सांगू लागल्या. माणसंही खुशीत आत बोलवत. बसायला सगळीकडे प्लास्टिकची बुटकी स्टुलं, आपल्याकडे न्हाणीत पाटाऐवजी ठेवतात तेवढी. माझे गुडघे हनुवटीला टेकायचे. ताईंना मात्र ती बैठक फार आवडली. खुर्चीवर बसलं की पाय लोंबतात म्हणाल्या.

त्याच दुपारी कॉफीचा प्रकार झाला. एका जिन्याखालच्या दुकानात सगळेजण लहान कपांतून काहीतरी पिवळं, फेसाळ खात-पीत होते. आम्हीही बोटानं दाखवून तेच मागवलं. वरती मलईसारखा गोड थर, खाली कडू कॉफी. ताईंनी चमच्यानं वरचा थर खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "बासुंदीच हाय वं निरी." अर्धा कप संपला असेल. तेवढ्यात माझी नजर आतल्या ओट्यावर गेली. तिथं एक बाई टोपलीतून अंडी घेऊन पटापट फोडत होती, पिवळं वेगळं काढून यंत्रानं घुसळत होती. सांगावं की नाही? पण न सांगणं मला बरं वाटेना.

"ताई," मी म्हटलं, "याच्यात अंडं हाय वाटते."

त्यांनी ओट्याकडे पाहिलं. त्या बाईकडे पाहिलं. मग कपात पाहिलं.

"तू कवा सांगतलं मले?"

"आताच नं."

"मले त आयकूच नाई आलं," त्या म्हणाल्या आणि उरलेला कप सावकाश संपवला. चमचा चाटून बशीत ठेवला. "केनवडात बोलशीन त पाय."

त्या दिवसापासून माझ्या मनातला त्यांचा धाक जो गेला तो गेला.

गावाच्या मधोमध एक तळं आहे, भोवती जुनी झाडं, फरसबंद वाट आणि बाकं. शनिवार-रविवार तिथले रस्ते गाड्यांना बंद करतात आणि सगळं शहर चालायला बाहेर पडतं. आजोबा बुद्धिबळासारखं काही खेळत बसतात, नवऱ्या मुली फोटो काढून घेतात, पोरं भिंगऱ्या फिरवतात. तिथंच शनिवारी आमचा थोडा खटका उडाला. मला एक जुनं विद्यामंदिर पाहायचं होतं. शेकडो वर्षांपूर्वी परीक्षा पास झालेल्यांची नावं तिथं दगडात कोरलेली आहेत, आणि ते दगड दगडी कासवांच्या पाठीवर उभे आहेत. जन्मभर परीक्षा घेणाऱ्या माझ्यासारख्या बाईला हे पाहिल्याशिवाय परत जाववेना. ताई हलायला तयार नव्हत्या.

"तुले पाह्याचं त पाय. मी अथीच बसतो."

"अहो ताई, कधी येनं होईन आपलं परत?"

"म्हनूनच बसतो म्हटलं नं."

"नुसतं बसून काय करसान?"

"पाहीन."

"काय पाहान?"

"तुले काय करायचं?" त्यांचा आवाज चढला. मग स्वतःच नरमल्या. "जा नं बाई. पोट्टी नोयो मी."

मी हॉटेलचं कार्ड त्यांच्या हातात दिलं, पाण्याची बाटली बाकावर ठेवली, हलू नका म्हणून बजावलं आणि गेले. विद्यामंदिर सुंदर होतं. कासवं गंभीर तोंडाची, अंगणं एकामागे एक. पण मला काही नीट दिसेना. प्रत्येक अंगणात वाटायचं की ताईंना तहान लागली असेल, कोणी काही विचारलं तर त्या काय सांगतील. त्यांच्या फोनमध्ये तिकडचं सिमसुद्धा नव्हतं. शेवटची दोन अंगणं न पाहताच मी परत फिरले.

बाकावर पाण्याची बाटली होती. ताई नव्हत्या.

मी आधी शेजारच्या बाकांकडे पाहिलं, मग पाण्याकडे, आणि पाण्याकडे पाहिलं म्हणून स्वतःवरच चिडले. तळ्यातल्या देवळाकडे जाणाऱ्या लाल पुलापर्यंत गेले. गर्दी भरपूर, पण लुगड्यातली बाई लपण्यासारखी नाही, असं मनाला समजावत होते. एका पोलिसासमोर उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की त्याला काय सांगायचं ते मला येत नाही. साडीचा पदर धरून दाखवला, केस पांढरे म्हणून खूण केली. त्यानं माझ्याचकडे बोट दाखवलं. त्यांच्या पोरांना फोन करून काय सांगू, तुमची माय हनोईत ठेवून आली म्हणू? मी तळ्याला फेरा घालायला लागले.

अर्ध्यात गेले असेन. एका मोकळ्या चौकात मोठा स्पीकर लावून चाळीस-पन्नास बाया नाचत होत्या. नाच म्हणजे ठेक्यात व्यायाम. दोन पावलं इकडे, दोन तिकडे, हात वर, टाळी. सगळ्या माझ्या आणि ताईंच्या वयाच्या, पायात बूट, अंगात रंगीत सदरे. आणि शेवटच्या रांगेत जांभळं लुगडं. पदर कमरेला खोचलेला, पर्स तिरपी गळ्यात. सगळ्या डावीकडे जायच्या तेव्हा ताई उजवीकडे, आणि शेजारणीला धडकल्या की दोघी हसायच्या.

मी रागानं जवळजवळ धावतच निघाले होते. दहा पावलांवर थांबले. त्यांचा चेहरा मला तिथून दिसत होता. त्या ओठ घट्ट दाबून, पुढच्या बाईच्या पायांकडे टक लावून, शिकत होत्या. टाळी बरोबर पडली की भुवया वर जायच्या. मी या बाईला लग्नघरांत पाहिलं होतं, मयतीत पाहिलं होतं, खळ्यावर मजुरांना आवाज देताना पाहिलं होतं. अशी कधीच पाहिली नव्हती. मी झाडाच्या पारावर बसले आणि गाणं संपेपर्यंत हाक मारली नाही.

गाणं संपल्यावर त्यांनीच मला पाहिलं. जराही न ओशाळता हातानं बोलावलं. शेजारी एक ठेंगणी, कापलेल्या केसांची बाई होती. "हे पाय," ताई म्हणाल्या, "हिनं नेलं मले. बाकावर येऊन बसली, पपनस सोलून देल्लं, मंग म्हने चाल."

"तुमाले समजलं काय म्हनते थे?"

"न समजाले काय झालं? तिले दोन पोरी हायेत. एक दूर देली, एक इथंच हाय. नवरा वारला. गुडघा डावा दुखते."

"हे सगळं तिनं सांगतलं?"

"हाव नं. मी बी माझं सांगतलं."

त्या बाईनं मला दोन्ही हातांनी नमस्कारासारखं केलं, मग माझ्या घामेजल्या कपाळाकडे बोट दाखवून ताईंना काही म्हणाली. ताई म्हणाल्या, "तू भेली होती असं म्हनते." आणि मग माझ्याकडे वळून, "भेली होती का वं?"

"लय."

त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला आणि हॉटेलपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच त्यांची गडबड. संध्याकाळी बोलावलंय म्हणे. कोणी बोलावलं, कसं बोलावलं, हे मी विचारायचं सोडून दिलं होतं. निघताना त्यांनी पिशवीतून जवसाच्या चटणीची पुडी काढली. सहलभर त्या पुडीच्या जिवावर आम्ही भात खाल्ला होता. "देतो तिले. घरचं काईतरी पाह्यजे."

ती बाई खरंच वाट पाहत होती. चटणीची चिमूट तिनं जिभेवर ठेवली, डोळ्यांत पाणी आलं, खोकली, आणि पुन्हा एक चिमूट घेतली. मग पुडी आजूबाजूला फिरली. नाच झाला. या वेळी मलाही ओढलं. मी शाळेत वर्षानुवर्षं पोरींच्या कवायती घेतल्या, तरी मला ताईंइतकंही जमलं नाही. मध्ये विसाव्याला सगळ्या थांबल्या तेव्हा त्या ठेंगण्या बाईनं ताईंना खूण केली. आता तुमचं काहीतरी दाखवा.

मला वाटलं, ताई लाजतील. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, माझ्यासमोर आल्या आणि हात पुढे केले. "ये. फुगडी."

"ताई, आपलं वय काय?"

"ये म्हटलं नं."

भुलाबाईच्या दिवसांत आमच्याकडे पोरी घरोघर गाणी म्हणत जातात, आणि गाणी झाली की अंगणात फुगड्या पडतात. सासूबाई सांगायच्या की त्यांची थोरली फुगडीत कोणाला हार जात नसे, अंधार पडला तरी घरात येत नसे. सतराव्या वर्षी ताईंचं लग्न झालं. त्यानंतर त्या कधी खेळल्या की नाही, मला माहीत नाही. मी त्यांचे हात धरले. हाताचे तळवे अजून खरखरीत, पकड विळा धरणाऱ्या हाताची. आधी हळू. पाय जवळ, अंग मागे. मग त्यांनी वेग घेतला. झाडं, कंदील, लाल पूल, हसणारे चेहरे, सगळं एका पट्ट्यात फिरू लागलं. मी ओरडले, "ताई, पडू!" त्या म्हणाल्या, "पडत नाई, मी धरलं नं तुले!" तोंडानं त्या फू-फू म्हणत होत्या, मध्येच हसत होत्या, आणि पहिल्यांदा मला कळलं की त्यांच्या हसण्याचा आवाज अगदी माझ्या मुलीच्या हसण्यासारखा आहे.

थांबलो तेव्हा मी सरळ जमिनीवर बसले. टाळ्या पडत होत्या. ताई उभ्याच, कमरेवर हात. मग एकेक बाई चपला-बूट काढून पुढे आली. कोणाला मनगटं उलटी धरायचं जमेना, कोणी हसूनच गळून पडे. ठेंगण्या बाईचा डावा गुडघा ताईंच्या लक्षात होता. तिच्याशी त्यांनी अगदी हळू, जात्याच्या गतीनं फुगडी घातली.

परतताना आम्ही तळ्याच्या काठावर बसलो. कागदी पिशवीत भाजलेली कणसं होती. ताईंनी एक कणीस उचललं. मग म्हणाल्या, "मालक होते तवा त्यायले म्हने मी, एकडाव कुठी तरी चाला. थे म्हनत, तूर निघू दे. मंग हरभरा निघू दे. वाईट नोते वं. त्यायले बी बसता येत नोतं." कणसाचे दाणे त्या एकेक सोलून खात होत्या. "तू नवी आली तवा मी तुले लय तोलून पाह्यलं. शिकेल पोरगी, माह्या भावाले घेऊन जाईन शहरात, असं वाटे."

"आनि मी तुमालेच घेऊन आली परदेशात."

त्या इतक्या जोरात हसल्या की पुढच्या बाकावरची पोरं वळून पाहू लागली.

शेवटच्या दिवशी आम्ही काहीच पाहिलं नाही. सकाळी चहा प्यायलो, दुपारी झोपलो. टिनाच्या गल्लीत ताईंनी एक चाळणी आवडली म्हणून घेतली. संध्याकाळी तळ्यावर गेलो, पण सोमवार होता. रस्ते गाड्यांना उघडले होते, स्पीकर नव्हता, बाया नव्हत्या. मला फार हळहळ वाटली. निरोप घ्यायचा राहिला, नंबर घ्यायचा राहिला. मी तसं म्हटलं. ताईंनी चौकात एकवार नजर फिरवली आणि म्हणाल्या, "घरी कामात अशीन. पोरगी आली अशीन." त्यांच्या आवाजात खंत मुळीच नव्हती. मग आम्ही त्या बाकावर, जिथं त्यांनी मला 'पाहीन' म्हणून सांगितलं होतं, तिथं बसून पाहत राहिलो. दिवे लागले, पाण्यात उतरले. बसता येत नाही म्हणणाऱ्या माझ्या नणंदेनं चपला काढल्या, पाय वर घेतले आणि मांडी घातली. मीच शेवटी म्हटलं, ताई, उठायचं का? त्या म्हणाल्या, थांब नं.

मुंबईहून कारंजाला येईपर्यंत अंग मोडलं होतं. एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी त्या केनवडला निघाल्या. भावानं गाडी करून देतो म्हटलं, पण त्यांना एसटीच हवी होती. स्टँडवर ओळखीची एक बाई भेटली. तिनं विचारलं, "काय पाह्यलं वं तिकडं?" ताई म्हणाल्या, "मानसं." त्या बाईला हे पुरेसं वाटलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी सहलीत पाहिलेल्या समुद्रातल्या डोंगरांचं, गुहांचं सांगायला लागले. तोवर गाडी लागली.

आता दर दोन-चार दिवसांनी संध्याकाळी त्यांचा फोन येतो. आधी काही काम असेल तरच यायचा, आणि तो भावाला. आता सरळ मला येतो.

"काय करून राह्यली?"

"काई नाई. तुमी?"

"अंगनात बसली. सून म्हने आत या, डास चावते. म्हटलं बसू दे." मग पलीकडून कोणाचं तरी बोलणं, भांड्यांचा आवाज, लांब कुठं ट्रॅक्टर. "काम काई नाई वं. असाच केला."

"मंग बोला नं."

आणि त्या बोलायला लागतात.